चिसेच्या पांघरुणाचा वास

होनामी : पुन्हा घे. असा वरवर नको, नाक खुपसून घे.

मिसातो : घेतला गं बाई. पाळणाघराच्या सायकलींच्या शेडमध्ये उभं राहून पोरांची पांघरुणं हुंगतोय आपण, कोणी पाहिलं तर काय म्हणेल?

होनामी : काय म्हणायचं ते म्हणू दे. आहे की नाही?

मिसातो : आहे. सिगारेटच आहे. आणि हल्ली ते यंत्रात गरम करून ओढतात ना, तसली नाही. चांगली पेटवून ओढायची.

होनामी : तुझ्या नाकापुढे हात टेकले. चहाच्या कारखान्यात सगळ्यांचीच नाकं अशी असतात, की तूच एकटी?

मिसातो : सगळ्यांचीच. आम्हाला अंगाला लावायचा साबणसुद्धा बिनवासाचा आणावा लागतो. म्हणून तर दर शुक्रवारी जीव जातो माझा. पांघरूण धुवायला घरी न्यायचं, पिशवी उघडली की हाच भपकारा. आता तुझ्या गाकूचं दे इकडे.

होनामी : हे घे. जपून हं, काल त्यात नाक पुसलंय त्याने.

मिसातो : ते कळलं... शेंबूड. तांदळाचं बिस्किट. थोडी घामट उशी. बस. धूर नाही.

होनामी : नाही?

मिसातो : नावालासुद्धा नाही.

होनामी : असं कसं? एका खोलीत झोपतात, एका रांगेत. माझा गाकू तर तुझ्या चिसेच्या अगदी शेजारी असतो. झोपेत लाथा घालतो म्हणून तक्रार येते.

मिसातो : तेच तर मला कळत नाहीये. खोलीत धूर असता तर सगळ्यांनाच लागला असता. माझ्याच पोरीच्या पांघरुणाला का?

होनामी : कारण ती सावाबाईंना दिवसभर चिकटलेली असते, म्हणून. आणि सावाबाई ओढतात. मंगळवारी मी या डोळ्यांनी पाहिलं. कालव्याच्या कडेला ते बंद पडलेलं न्हाव्याचं दुकान आहे ना, त्याच्या मागे उभ्या होत्या. अंगात साधं जॅकेट, हातात सिगारेट. मला पाहिलं तर अशी काही मान लववली, जशा काय देवळात भेटलोय आम्ही!

मिसातो : मग तू काय केलंस?

होनामी : मीपण लववली. आता समोरच्याने लववली तर काय करणार? पण घरी आले आणि डोकं सणकलं. पोरांना सांभाळणारी बाई आणि सिगारेट? त्याच हातांनी भरवतात ना गं या?

मिसातो : हात धूत असतील.

होनामी : तू कोणाच्या बाजूने आहेस?

मिसातो : तुझ्याच. मला तर घेरी येते त्या वासाने. पण मला आधी कळायला हवं ना, वास येतो कुठून.

होनामी : तुझं हे नेहमीचंच. घराला आग लागली तर काडी कोणत्या कंपनीची ते विचारत बसशील. हे बघ, मोठ्या बाई अजून ऑफिसात आहेत. आत्ता जा आणि सांग. मार्चअखेर सावाबाईंचा करार संपतो. आत्ता कानावर घातलं की एप्रिलला दुसऱ्या कोणीतरी येतील. ना भांडण, ना तंटा. सगळ्या आयांचं हेच म्हणणं आहे.

मिसातो : सगळ्यांचं आहे तर मग मीच का?

होनामी : कारण तू यंदाची पालक-प्रतिनिधी आहेस.

मिसातो : दगड-कागद-कात्रीत हरले म्हणून झाले!

होनामी : सगळ्या तशाच होतात. मागच्या वर्षी मी हरले होते, तेव्हा खेळांच्या दिवशी भर उन्हात तंबू कोणी ठोकला? तुझा नवरोबा तोमो तेव्हा सावलीत बसून लिंबू सरबत पीत होता. आणि चिसेची ती सर्दी बघ. महिना झाला, नाक वाहतंच आहे. धूरच तो, दुसरं काय.

मिसातो : सर्दी धुराची नाही गं, दाराची आहे. बाल्कनीच्या दाराला कडीच लावू देत नाही ती. लावली की भोकाड. निजल्यावर हळूच लावायला जावं, तर खटका वाजला की टुण्णकन उठून बसते. या थंडीत हीटर चालू, दार बोटभर उघडं, आणि विजेचं बिल माझ्या उरावर. रोज भांडणं आमची.

होनामी : या वयात करतात असलं काहीतरी. गाकू वर्षभर पावसाळी बूट घालून झोपायचा.

मिसातो : तोमोने सांगितलं असतं तर ऐकलं असतं तिने.

होनामी : कसा आहे तो? साप्पोरोत गोठला का?

मिसातो : आहे बरा. कंपनीच्या खोलीवर राहतो, डबाबंद सूप पितो.

होनामी : तूच हाकललंस बिचाऱ्याला. लग्न झाल्यापासून सिगारेट ओढायची तर बाल्कनीत जा, बाल्कनीत जा. शेवटी गेला तो बाल्कनीतून थेट साप्पोरोला.

मिसातो : चेष्टा पुरे. आम्ही तिघंही गेलो असतो. पण ही पाळणाघरातली जागा मिळवायला मी नगरपालिकेत किती खेटे घातलेत ते तुला माहीत आहे. ही सोडली की तिकडे पुन्हा रांगेच्या शेपटाला. मग मी नोकरी कशी करणार? जागेपायी राहिलो आम्ही.

होनामी : चिसे विचारते का बाबाचं?

मिसातो : नाही. एकदाही नाही. आधी मला भीती होती, रडून घर डोक्यावर घेईल. पण नाव नाही काढलं. लहान आहे, विसरली असेल.

होनामी : शू! आल्या बघ सावाबाई. गाकू, चल, फाटकाशी जाऊ आपण. मिसातो, बोल हं. दातखीळ बसवून घेऊ नकोस.

सावा : चिसेची आई, चिसे बूट शोधतेय. एक सापडलाय, दुसऱ्यावर रुसून बसलीय. येईल इतक्यात.

मिसातो : हो का. बरं. आज थंडी... म्हणजे वारा बराच आहे, नाही?

सावा : तुम्ही पांघरुणाचा वास घेत होतात ना? खिडकीतून दिसत होतं.

मिसातो : अं? नाही, म्हणजे मी धुण्याआधी नेहमीच...

सावा : मी ओढते सिगारेट. गाकूच्या आईने मंगळवारी पाहिलंय मला. तेव्हापासून वाटच बघतेय, कोण विचारायला येतंय याची.

मिसातो : असं एकदम नाही हो सांगायचं! मी दोन दिवस वाक्य जुळवत होते.

सावा : मग म्हणा ना ते. फुकट कशाला घालवायचं?

मिसातो : “आपल्या खाजगी आयुष्यात लक्ष घालण्याचा आमचा मुळीच हेतू नाही, तथापि”... जाऊ दे. माझ्या मुलीच्या पांघरुणाला धुराचा वास येतो. मला राग येतो त्याचा. खूप राग येतो.

सावा : येणारच. माझी मुलगी असती तर मलाही आला असता.

मिसातो : मग कशाला ओढता?

सावा : सुटत नाही म्हणून. याला दुसरं चांगलं उत्तर असतं तर दिलं असतं.

मिसातो : आणि तसल्याच अंगाने पोरांत येता?

सावा : तसंच नाही येत. फाटकाच्या आत कधी काडी पेटवलेली नाही मी. बाहेर जाताना जॅकेट वेगळं. परत आले की कोपरापर्यंत हात धुते, हिरव्या चहाने चूळ भरते, एप्रन बदलते. बाकीच्या बाया हसतात, म्हणतात ऑपरेशनला निघालीस का.

मिसातो : एवढं सगळं करता, तर वास येतो कुठून? आणि चिसेच्याच पांघरुणाला का? गाकूचं मी बघितलं. त्याच्यावर नाही.

सावा : गाकूच्या पांघरुणाचाही घेतलात? धन्य आहे तुमची.

मिसातो : सांगा ना. खरंच कळत नाहीये मला.

सावा : केस. सगळं धुता येतं, भर दुपारी केस कुठे धुणार? हा शेपटा बघा, कंबरेपर्यंत आहे. झोपताना चिसे हा ओढून पांघरुणात घेते. नाकाशी धरते आणि झोपते.

मिसातो : शेपटा?

सावा : रोज. मी तिच्याशेजारी आडवी, माझी मान वाकडी, आणि शेपटा तिच्या ताब्यात. गाढ झोपली की बोटं एकेक करून सोडवून घ्यावी लागतात.

मिसातो : हे मला कधी कोणी सांगितलं नाही.

सावा : काय सांगणार होते? तुमची मुलगी माझ्या सिगारेटच्या वासावर झोपते? मला आधी वाटलं केस आवडतात तिला. असतात अशी मुलं. कुणाला कानाची पाळी लागते, कुणाला चादरीचा कोपरा.

मिसातो : कधीपासून हे?

सावा : ऑक्टोबरपासून. त्याआधी पाठ टेकली की झोपायची. ऑक्टोबरात काय झालं कोण जाणे, सगळी पोरं झोपली तरी ही टक्क जागी. दाराकडे तोंड करून बसलेली. डोळे मिटायला लागले की स्वतःच स्वतःला चिमटे काढायची. दंडावर लाल डाग बघितले असतील तुम्ही.

मिसातो : मला वाटलं गाकूने...

सावा : गाकू लाथा मारतो, चिमटे नाही काढत. आम्ही सगळ्या जणींनी थोपटून बघितलं, गाणी म्हणून बघितली. मोठ्या बाईंनीसुद्धा म्हटलं एक गाणं, त्याने झोपलेली दोन पोरं उठली. मग एकदा मी बाहेरून आले, हात धुतले आणि तिच्यापाशी बसले. तिने शेपटा हातात घेतला, नाकाला लावला. मी एप्रनची गाठ बांधेपर्यंत ढाराढूर.

मिसातो : विचित्रच.

सावा : मलाही तसंच वाटलं. पण झोपली ना, म्हणून मी गप्प बसले. मग नवीन वर्षात मी सोडली. खरं सांगते, देवळात घंटा वाजवून सोडली. आठवडा काढला, हिमतीने. तर ही बया शेपटा नाकाशी नेते आणि टाकून देते. “हा नाही,” म्हणते. आणि पुन्हा दाराकडे तोंड, पुन्हा चिमटे.

मिसातो : म्हणून तुम्ही परत सुरू केलीत?

सावा : छे. तिच्या माथी नाही मारणार. मला राहवलं नाही, म्हणून ओढली. तिने त्याच दिवशी ओळखलं. आणि शेपटा धरून काहीतरी म्हणाली. ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला विचारायचंच होतं, पण विचारायचं तर मग सिगारेटचंही सांगावं लागलं असतं.

मिसातो : काय म्हणाली?

सावा : नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि अगदी खुशीत म्हणाली, “बाबा बाल्कनीतनं आला.”

मिसातो : बाल्कनीतनं? बाबा?

सावा : काहीतरी खेळ आहे का हा तुमच्या घरातला? चिसेची आई? अहो, बसा इथे. या बाकावर बसा. पाणी आणू का?

मिसातो : नको. काही नको. थांबा तुम्ही इथेच.

सावा : मी काही वाईट बोलले का?

मिसातो : नाही हो. तोमो... माझा नवरा, तो बाल्कनीत ओढायचा. मीच घरात ओढू द्यायची नाही. तो बाहेर असला की ही आतून काचेला नाक लावून उभी. सगळी काच ओली व्हायची. तो आत आला रे आला की ही त्याच्या मानेत तोंड खुपसायची. मी ओरडायचे, आधी हात धू, आधी शर्ट काढ. दोघं ऐकायचे नाहीत, हसत सुटायचे.

सावा : आणि आता ते...

मिसातो : साप्पोरोला. ऑक्टोबरपासून. बदली झाली.

सावा : अगं बाई. ऑक्टोबर.

मिसातो : तो निघाला ना, तेव्हा ती दुपारची झोपली होती. आम्हीच ठरवलं तसं. उगाच रडारड नको, तिला त्रास नको. उठली, घरभर फिरली, बाल्कनीत बघून आली. आणि मग काही विचारलंच नाही तिने. मलाही बरं वाटलं, विचारत नाही म्हणून. सांगायचं टळलं.

सावा : मधूनमधून येत असतील ना?

मिसातो : येतो. जाताना दर वेळी तसाच जातो, ती झोपली की. आणि आल्या आल्या मी दारातच त्याची बॅग हिसकावून घेते. कपडे थेट मशीनमध्ये. मफलरसुद्धा. तो जाईपर्यंत सगळं धुऊन, वाळवून, घडी घालून तयार. घरात त्याचा म्हणून एक वास शिल्लक ठेवत नाही मी. आणि एवढं नाक आहे ना मला, मैलभर लांबचं कळतं! पोरगी शेजारी काय हुंगतेय ते नाही कळलं.

सावा : रडा थोडं. इथे कोणी नाही. गाकूच्या आईची पाठ आहे इकडे.

मिसातो : आणि मी रोज त्या कडीवरून भांडते तिच्याशी.

सावा : कसली कडी?

मिसातो : आहे एक. घरची आहे.

होनामी : मिसातो! झालं का? मोठ्या बाई दिवे घालवायला लागल्या!

सावा : जा तुम्ही. सांगा त्यांना. माझा तुमच्यावर राग नाही. खोटं काही सांगणार नाही तुम्ही, तेवढं मला कळतं.

मिसातो : करार नाही मिळाला तर काय कराल?

सावा : एप्रिलचं एप्रिलमध्ये बघेन. पण मला जायचं नाहीये. हे कोणालातरी सांगायचं होतं मला. या वर्गात कोण शिंकलं ते मला पाठ वळवूनसुद्धा कळतं. दुसऱ्या कुठे जाऊन पुन्हा नव्याने शिंका ओळखायला माझ्याने नाही व्हायचं.

मिसातो : मग सोडा. मला तो वास अजूनही सहन होत नाही, तुमच्या तोंडावर सांगते. लेकराच्या नाकातोंडात तो धूर जायला नको. सोडाच तुम्ही.

सावा : सोडेन. पुन्हा घंटा वाजवेन. पण ती झोपायची नाही मग.

मिसातो : तिला सांगून सोडा. न सांगता नाही. एक माणूस न सांगता गेलाय, तेवढा पुरे झाला.

सावा : तिला काय सांगू?

मिसातो : खरं ते. हा बाईंचा वास होता, आणि तो आता जाणार आहे, बाई मात्र इथेच आहेत. बाबाचं मी सांगते. मीच सांगायला हवं.

सावा : बाई इथेच आहेत म्हणून कशी सांगू? ते काय माझ्या हातात आहे?

मिसातो : थांबा जरा. चिसेला दुसरा बूट घालून द्या, मी मोठ्या बाईंना भेटून आलेच.

होनामी : आलीस? बोललीस?

मिसातो : बोलले.

होनामी : काय म्हणालीस?

मिसातो : म्हटलं, पालकांना वास नको आहे. आणि सावाबाई हव्या आहेत. सिगारेट सोडायला डॉक्टरकडे जायचं असेल तर त्यांना सुट्टी द्या, पण एप्रिलला या वर्गावर त्याच पाहिजेत.

होनामी : असं कुठे ठरलं होतं आपलं?

मिसातो : मी बोलायचं एवढं ठरलं होतं. मी बोलले.

होनामी : वा गं वा! आणि मोठ्या बाई?

मिसातो : बघते म्हणाल्या. तोंडावर नाही म्हणाल्या नाहीत. पण मी रोज विचारायला येणार आहे, तेही सांगून आले.

होनामी : सोमवारी बाकीच्या आया तुला फाडून खातील.

मिसातो : खाऊ देत. मी देईन उत्तर. दगड-कागद-कात्रीत हरले ना मी.

होनामी : तू रडली आहेस?

मिसातो : हो. सांगेन तुला, आज नको. आज आधी तोमोशी बोलायचंय.

होनामी : बरं बाई. दे ते पांघरूण इकडे, सायकलच्या टोपलीत टाकते. घरी गेल्या गेल्या मशीनला लाव, नाहीतर घरभर होईल वास.

मिसातो : आज नाही लावणार.

(घरी. भात शिजतो आहे. फोन जमिनीवर, आवाज मोठा करून ठेवलेला.)

तोमो : काय गं, आज इतक्या लवकर? सगळं ठीक आहे ना?

मिसातो : कुठे आहेस?

तोमो : खोलीवर. आत्ताच आलो कामावरून.

मिसातो : खोलीत की बाहेर?

तोमो : बाहेर. एकच ओढतोय. बर्फ पडतंय, लगेच आत जातो.

मिसातो : ओरडत नाहीये मी. ऐक. पुढच्या वेळी येशील ना, तेव्हा ती जागी असताना निघायचं. तिच्यादेखत बूट घालायचे. रडली तर रडू दे.

तोमो : पण आपलं तर ठरलं होतं...

मिसातो : चुकलं आपलं. दोघांचंही. तू कुठे गेलास ते तिला कोणी सांगितलंच नाही रे. आता तूच सांग. गावाचं नाव घेऊन, नीट, समजेल असं. चिसे, ते दार राहू दे तसंच, मी नाही काही बोलत. ये इकडे. बाबा आहे फोनवर.

चिसे : बाबा?

तोमो : चिसे! ऐक हं राजा. बाबा साप्पोरोला आहे. ते खूप लांब आहे, विमानाने जावं लागतं. तिथे बाबाचं काम आहे, म्हणून...

चिसे : तू बाल्कनीत आहेस?

तोमो : हो. म्हणजे, इथल्या बाल्कनीत आहे.

चिसे : थंडी वाजते?

तोमो : वाजते ना. खूप वाजते.

चिसे : मग ये ना आत. मी कडी नाही लावली.